बाकावरून उत्तरं : घरी बांधलेला पॉवर सप्लाय आणि न मिळणारे पार्ट

या वेळच्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीवर आहेत. कुणाचा सप्लाय तापतो, कुणाचा घुरघुरतो, कुणाला सर्किटच्या नकाशातला पार्ट सापडत नाही. मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायच्या बाकावर मी सत्तावीस वर्षं बसले. बंद पडलेलं यंत्र समोर आलं की पहिल्यांदा त्याचा सप्लाय मोजायचा, ही माझी सवय तिथली. म्हणून आजची सगळी जागा याच विषयाला देते आहे.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. प्रोजेक्टसाठी ५ व्होल्टचा सप्लाय बांधला. १२-०-१२ चा एक ॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करायला चार १एन४००७ डायोडचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा कपॅसिटर आणि ५ व्होल्टचा रेग्युलेटर आयसी ७८०५. ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांच्या तारा ब्रिजला दिल्या, मधली मोकळी ठेवली. नुसता मीटर लावला की बरोबर ५ व्होल्ट दिसतात. रिले आणि डिस्प्ले जोडले की साधारण ६०० मिलिॲम्पिअर जातात आणि दोन मिनिटांत व्होल्टेज बसतं, मग आपोआप वर येतं, पुन्हा बसतं. तीन आयसी बदलले. मला डुप्लिकेट माल मिळतोय का?

उत्तर : ते तिन्ही आयसी फेकू नकोस, बहुधा तिन्ही चांगले आहेत. तू मधली तार मोकळी सोडलीस, त्यामुळे ब्रिजला १२ नाही, २४ व्होल्ट मिळाले. हे २४ एसीचे. कपॅसिटर भरतो तो लाटेच्या शेंड्यापर्यंत, म्हणजे १.४१ पट. २४ चे झाले ३४, त्यातून ब्रिजच्या दोन डायोडचे मिळून १.४ वजा कर, साडेबत्तीस उरले. आणि हे पूर्ण लोडवरचं गणित झालं. लोड नसताना छोटा ट्रान्सफॉर्मर लिहिलेल्यापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्तच देतो. म्हणजे नुसता मीटर लावून तू ५ व्होल्ट बघत होतास, तेव्हा ७८०५ च्या तोंडाशी ३५ च्या वर व्होल्टेज होतं. त्याची कमाल मर्यादा ३५ आहे. कपॅसिटर तू ५० व्होल्टचा घेतलास ते फार बरं केलंस. तिथे २५ चा असता तर तो तुझ्या तोंडासमोर फुटला असता.

आता लोड जोडल्यावर काय होतं ते बघ. आत येतात २९-३० व्होल्ट, बाहेर जातात ५. मधले चोवीस-पंचवीस व्होल्ट आयसी स्वतःच्या अंगावर घेतो. गुणिले ०.६ ॲम्पिअर, म्हणजे निदान १४ वॉटची उष्णता. हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, तू लिहिलेला नाहीस, म्हणजे लावलेला नसणार. उघड्या हवेत ७८०५ चं अंग दर वॉटमागे साधारण ५० ते ६५ अंशांनी तापतं, तेव्हा १४ वॉट हा विचारच करायला नको. दीडशे अंशांच्या आसपास त्याच्या आतलं संरक्षण जागं होतं आणि तो स्वतःला आवरतो. थोडा निवला की पुन्हा चालू. तुला दिसणारं वर-खाली तेच. आयसी स्वतःचा जीव वाचवतोय, आणि तू त्यालाच खोटा ठरवतो आहेस.

दुरुस्ती अशी. मधली तार कपॅसिटरच्या उणे पायाला लाव. दोन्ही टोकांना एक-एक डायोड लाव, दोन्हींच्या पट्ट्याच्या बाजू एकत्र करून कपॅसिटरच्या अधिक पायाला दे. बाकीचे दोन डायोड काढून ठेव. आता शेंडा १७, एका डायोडचे ०.७ गेले, १६ च्या थोडं वर. कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरडचा कर. हा आकडा हवेतून आलेला नाही. ५० हर्ट्झच्या विजेत कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरतो. दोन भरण्यांच्या मधे व्होल्टेज किती खाली येतं, तर करंट भागिले १००, भागिले कपॅसिटर. ०.६ ॲम्पिअर आणि १००० मायक्रोफॅरडला ते ६ व्होल्ट येतं, २२०० ला २.७. प्रत्यक्षात थोडं कमीच पडतं, पण बांधताना या हिशोबावर चाल. ७८०५ ला आत ५ पेक्षा निदान २ व्होल्ट जास्त लागतात, आणि तेही दरीच्या तळाशी, सरासरीला नाही. तुझ्या दरीचा तळ आता साडेतेराच्या आसपास आहे, म्हणजे भरपूर.

उष्णता तरी ६ वॉट राहतेच. म्हणून हीटसिंक हवाच, तळहाताएवढा, उभ्या पात्यांचा. मध्ये सिलिकॉन पेस्टचा पातळ थर दे, पातळ म्हणजे खरोखर पातळ, पोळीला तूप लावल्यासारखा जाड नको. पुढच्या वेळी ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि पूर्ण ब्रिज घे. शेंडा पावणेतेरा, दोन डायोड गेले की सव्वाअकरा, दरीचा तळ साडेआठच्या वर. उष्णता ३ वॉटवर येते. घरातली वीज दहा टक्के कमी झाली तरी ७ च्या वर राहतं, अर्थात काठावरच. ६०० मिलिॲम्पिअर डीसीसाठी ट्रान्सफॉर्मर मात्र एक ॲम्पिअरचाच हवा, कारण कपॅसिटर भरताना तो झटक्याझटक्याने करंट ओढतो आणि वाइंडिंग सरासरीपेक्षा जास्त तापतं.

हा २.७ चा चढउतार तुला मीटरवर बघता येईल. मीटर एसीवर ठेव. साध्या मीटरच्या एसी रेंजमध्ये डीसीही मिसळून येतं, म्हणून लाल पिनेच्या आधी १ मायक्रोफॅरड १०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर लाव आणि मोठ्या कपॅसिटरच्या दोन पायांवर धर. ०.८ च्या आसपास काहीतरी दिसेल. खरा चढउतार त्याच्या साधारण साडेतीन पट. गणितात आलेली गोष्ट स्वतःच्या मीटरवर दिसते, तो क्षण मला आजही आवडतो.

पहिल्यांदा वीज देताना घरातलं मोठं माणूस शेजारी बसव आणि ट्रान्सफॉर्मरच्या मेन्स, म्हणजे घरच्या विजेच्या तारेत ६० वॉटचा पिवळा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये घाल. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. बटण दाबलं की बल्ब क्षणभर उजळून लगेच मंद झाला पाहिजे. उजळलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बंद कर, मग शोध.

प्रश्न : मॅडम, जुन्या अंकातल्या नकाशावरून १२ व्होल्टचा सप्लाय बांधायला घेतला. यादीत १एन४००२, ४७०० मायक्रोफॅरड ४० व्होल्ट, ०.३३ मायक्रोफॅरड, २४० ओहम, २एन३९०४ आणि २एन३०५५ आहेत. यातलं निम्मं नेमकं मिळत नाही. मिळेल तोपर्यंत थांबावं की दुसरं लावावं? दुसरं लावलं तर बिघडेल का?

उत्तर : थांबू नका. नकाशावर नंबर लिहिलेला असतो, पण तुम्ही शोधायचं असतं ते काम. त्या जागी तो पार्ट किती व्होल्ट सोसतो, किती करंट वाहतो आणि किती तापतो, हे तीन आकडे कळले की तुमच्या डब्यातच चार पर्याय निघतात.

१एन४००२ म्हणजे १०० व्होल्ट, १ ॲम्पिअर. १एन४००७ म्हणजे १००० व्होल्ट, तेवढाच करंट. बिनधास्त लावा. जास्त करंट हवा असेल तर ३ ॲम्पिअरचा १एन५४०८. एकच सावधगिरी : हे डायोड ५० हर्ट्झच्या कामाचे आहेत. कॉम्प्युटरच्या किंवा मोबाइलच्या चार्जरमधल्या स्विचिंग सर्किटमध्ये डायोडला सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद व्हावं लागतं. तिथे १एन४००७ लावला तर तो वेळेवर बंद होत नाही, तापतो आणि उडतो. तिथे यूएफ४००७ सारखा वेगवान डायोड लागतो. दोन्ही दिसायला सारखे, व्होल्ट सारखे, ॲम्पिअर सारखे. कामाचा वेग मात्र निराळा, म्हणून मी फक्त आकडे जुळवायला सांगत नाही.

४७०० मायक्रोफॅरड ४० व्होल्टच्या जागी ५० व्होल्टचा लावा. व्होल्ट वर गेले तर चालतात, खाली कधीच नाही. मायक्रोफॅरड थोडे जास्त, अगदी दुप्पटही चालतील. दहापट मात्र नको, चालू करताना रिकामा कपॅसिटर डायोडला शॉर्टसारखाच वाटतो आणि फ्यूज जातो. ०.३३ वर ३३४ छापलेलं असतं. पहिले दोन आकडे तसेच घ्यायचे, तिसरा म्हणजे पुढची शून्यं, उत्तर पिकोफॅरडमध्ये. १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. रेग्युलेटरच्या इनपुटच्या बाजूला ०.३३ ऐवजी ०.४७ किंवा १ लावला तर काही बिघडत नाही. तो रेग्युलेटरच्या पायांना चिकटून असणं जास्त महत्त्वाचं. बाकावर एकदा एक ७८०५ माझ्याकडे आला होता, मीटरवर बाहेर ५.९ दाखवणारा. आयसी खराब समजून बदलला, तरी ५.९ च. हे छोटे कपॅसिटर पायांपासून वीतभर लांब, तारेच्या टोकाला लावलेले होते, आणि आयसी स्वतःशीच थरथरत होता. कपॅसिटर पायांपाशी आणले, आकडा ५ वर येऊन थांबला.

२४० ओहम सगळीकडे सापडत नाही, २२० सापडतो. दोन ४७० समांतर जोडले की २३५ होतात. पाच टक्क्यांचा खेळ आहे हा.

आता ट्रान्झिस्टर. २एन३९०४ च्या जागी बीसी५४७ चालतो, एक ४० व्होल्टचा, दुसरा ४५ चा. करंट पहिल्याचा २०० मिलिॲम्पिअर, दुसऱ्याचा १००, तो तुमच्या नकाशात किती लागतो ते बघा. पण पाय उलटे आहेत. सपाट बाजू स्वतःकडे, पाय खाली, डावीकडून मोजा : २एन३९०४ ला एमिटर, बेस, कलेक्टर आणि बीसी५४७ ला कलेक्टर, बेस, एमिटर. पर्यायी पार्ट लावून सर्किट चालत नाही म्हणून माझ्याकडे आलेल्या बोर्डांत सगळ्यात जास्त वेळा हेच सापडलं. हीच गोष्ट रेग्युलेटरची. मोठ्या ७८०५ चे पाय समोरून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. छोट्या ७८एल०५ चे सपाट बाजू समोर धरल्यावर आउटपुट, ग्राउंड, इनपुट, म्हणजे अगदी उलट. आणि तो फक्त १०० मिलिॲम्पिअरचा. मधला ७८एम०५ अर्ध्या ॲम्पिअरचा. पुढची एलएम, एमसी, केए, एल ही अक्षरं कंपनीची, त्यांच्यात अडकू नका. मधलं अक्षर मात्र वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२एन३०५५ च्या धातूच्या डबीऐवजी टीआयपी३०५५ चालतो. दोन्ही ६० व्होल्ट आणि १५ ॲम्पिअरचे. उष्णतेत मात्र पहिला ११५ वॉटचा, दुसरा ९० चा. म्हणून हीटसिंक थोडा मोठा घ्या. याच ट्रान्झिस्टरचा खोटा माल मी खूप पाहिला. आतली चिप छोटी असते, मीटरवर सगळे जंक्शन बरोबर दाखवते आणि दोन-तीन ॲम्पिअरचा लोड टाकला की जाते. छपाईवर ॲसिटोनचा बोळा फिरवून अक्षरं निघतात का बघतात लोक, पण सगळ्यात खरी परीक्षा लोडची. सप्लायमध्ये बसवायच्या आधी जाड वायरवाउंड रजिस्टन्सवर पंधरा मिनिटं चालवून, हीटसिंकवर बोट ठेवून बघा. मोठ्या कपॅसिटरच्या बाबतीत स्वतःचा हात तराजू म्हणून वापरा. त्याच आकाराच्या, ओळखीच्या कंपनीच्या कपॅसिटरपेक्षा तो फार हलका लागला तर घेऊ नका. मोठ्या डबीत छोटा कपॅसिटर बसवलेला मी स्वतः कापून पाहिला आहे.

प्रश्न : नवीन पार्ट मिळणं कठीण आहे. घरात बंद पडलेला कॉम्प्युटरचा सप्लाय, एक प्रिंटर आणि जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे. यातून काय काढता येईल?

उत्तर : टीव्हीला हात लावू नका, तेवढं माझं ऐका. पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या पुढचा भार असतो आणि तो बंद केल्यावरही राहतो. त्यातून निघणाऱ्या पार्टांसाठी हा धोका पत्करण्यासारखा नाही.

कॉम्प्युटरचा सप्लाय उघडायचा असेल तर वायर काढून एक दिवस तसाच ठेवा, मग झाकण काढा. आत दोन जाडे कपॅसिटर दिसतील. २३० व्होल्टच्या विजेवर त्यांच्या जोडीवर ३२५ व्होल्टपर्यंत डीसी असतं. ते उतरवायला बाजूचे रजिस्टन्स असतात, पण बंद पडलेल्या सप्लायमध्ये तेच उडालेले असू शकतात. मीटर ६०० व्होल्ट डीसीवर ठेवून आधी मोजा. भार असेल तर २.२ किलोओहम १० वॉटचा रजिस्टन्स, तारा नीट इन्सुलेट करून, काही सेकंद पायांवर धरा आणि पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. ठिणगीने पाय वितळतो आणि हात दचकून दुसऱ्याच कशावर तरी जातो.

त्यातून सोन्यासारखा निघतो तो हीटसिंक, आणि त्याच्यासोबत अभ्रकाच्या चकत्या, बुशिंगा, स्क्रू. या चकत्या जपून ठेवा. ७८०५ च्या पाठीवरचा पत्रा ग्राउंडला असतो, एलएम३१७ चा आउटपुटला आणि उणे ५ व्होल्टच्या ७९०५ चा चक्क इनपुटला. एकाच हीटसिंकवर तीन वेगळे रेग्युलेटर चकत्यांशिवाय कसले की सप्लाय जागच्या जागी शॉर्ट. शिवाय मेन्सचं सॉकेट, फ्यूज होल्डर, स्विच, जाड रंगीत तारा. प्रिंटरमधून तर बहुतेक वेळा स्वतंत्र बंद डबीतला ॲडाप्टरच निघतो. तो चालू असेल तर सगळ्यात उत्तम.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र जुन्यातून घेऊ नका. आतला द्रव वाळतो. मायक्रोफॅरड मोजले तर बरे दिसतात, पण आतला रजिस्टन्स वाढलेला असतो आणि लोडवर उघडे पडतात. डोकं फुगलेलं असेल तर प्रश्नच नाही.

जुना पार्ट सोडवताना सोल्डर वितळत नसेल तर जास्त तापवत बसू नका. आधी थोडं नवीन सोल्डर त्या जागी द्या. शिसं असलेलं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळतं, नव्या बोर्डांवरचं बिनशिशाचं २१७ च्या पुढे. दोन्ही मिसळले की जागा लवकर सुटते आणि बोर्डावरचा तांब्याचा पट्टा उचलला जात नाही.

पेटीत बिननावाचा ट्रान्सफॉर्मर सापडला तर मीटर ओहमवर ठेवा. व्होल्टेज उतरवणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ज्या बाजूला जास्त रजिस्टन्स, ती मेन्सची बाजू. तिकडे शंभरेक ओहम निघाले तर दुसरीकडे एक-दोनच असतील. दोन्ही बाजूंमध्ये आणि लोखंडी पत्र्याशी काहीच जोड दिसता कामा नये. मग सिरीज बल्बवरून वीज देऊन दुसऱ्या बाजूचं एसी मोजा. तासभर तसाच ठेवून हात लावण्याआधी बंद करा. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर भंगारात.

प्रश्न : ट्रान्सफॉर्मरऐवजी ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालून ५ व्होल्ट मिळवायचं सर्किट बघितलं. छोटं आणि हलकं आहे. सेन्सरच्या बोर्डासाठी बांधू का?

उत्तर : नको. ५० हर्ट्झला ०.४७ मायक्रोफॅरड म्हणजे साधारण ६८०० ओहम, २३० व्होल्टवर फार तर ३४ मिलिॲम्पिअर. तेवढ्यात तुमचं भागेलही. पण ते ५ व्होल्ट घरच्या विजेपासून सुटे झालेलेच नसतात. सेन्सरच्या तारेला हात लावला की थेट मेन्सला हात लावल्यासारखं. बंद प्लॅस्टिकमध्ये, माणसाचा हात कधीच जाणार नाही अशा जागी कारखाने ते वापरतात. प्रयोगाच्या बाकावर त्याला जागा नाही. मेन्सची भीती वाटत असेल, आणि ती वाटायलाच हवी, तर तयार १२ व्होल्टचा बंद ॲडाप्टर घ्या आणि त्याच्यापुढचं सगळं स्वतः बांधा. शिकायला तेवढं पुष्कळ आहे.

प्रश्न : १२ व्होल्टच्या ॲम्प्लिफायरसाठी सप्लाय बांधला. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरड, १२ व्होल्टचा रेग्युलेटर ७८१२. सगळं नकाशाप्रमाणे आहे, तरी स्पीकरमध्ये घुर्र असा आवाज येतो. अजून एक ४७०० लावला, आवाज तेवढाच. काय करू?

उत्तर : पत्रात एक गोष्ट राहिली : आवाज व्हॉल्यूम शून्यावरही येतो, की गाणं मोठं केलं की वाढतो? या एका गोष्टीवरून दोन वेगळे आजार कळतात.

गाणं मोठं केल्यावर वाढत असेल तर रेग्युलेटरच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या व्होल्टेजमधली फट कमी पडते आहे. १२ व्होल्टचा शेंडा १७, ब्रिज वजा जाता साडेपंधरा. एक ॲम्पिअर ओढला की ४७०० वर २.१ ची दरी, तळ साडेतेरा. ७८१२ ला १४ लागतात. प्रत्येक दरीत तो हात टेकतो आणि ती दरी सेकंदाला शंभर वेळा स्पीकरमध्ये ऐकू येते. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावा आणि हीटसिंक वाढवा.

दुसरा कपॅसिटर लावूनही आवाज तेवढाच राहिला, यावरून मला मात्र दुसराच संशय आहे, तारांचा. नकाशावर ग्राउंड ही एकच रेघ असते आणि तिच्यावरचा प्रत्येक बिंदू सारखा मानलेला असतो. तुमच्या डब्यात ती एक खरी तार आहे आणि तिला रजिस्टन्स आहे. ब्रिजमधून कपॅसिटरकडे करंट सलग जात नाही. दर दहा मिलिसेकंदांतले दोन-तीनच मिलिसेकंद, शेंड्याजवळ, पण तेव्हा सरासरीच्या कितीतरी पट. एक ॲम्पिअरच्या सप्लायमध्ये हा झटका पाच ॲम्पिअरचा सहज असतो. पातळ तारेचा वीतभर तुकडा ०.०३ ओहम धरा. पाच गुणिले ०.०३, दीडशे मिलिव्होल्ट. ॲम्प्लिफायरची ग्राउंड तार त्या तुकड्यावर कुठेही जोडलेली असेल तर हे दीडशे मिलिव्होल्ट सरळ आवाजाच्या वाटेत येतात. कपॅसिटर दहा लावा, काही फरक पडणार नाही, उलट झटका जास्त तीव्र होईल.

म्हणून ब्रिजची उणे तार थेट मोठ्या कपॅसिटरच्या उणे पायावर आणून संपवा. त्या तारेवर दुसरं काहीही जोडू नका. रेग्युलेटरचं ग्राउंड त्याच पायावरून वेगळ्या तारेने न्या आणि ॲम्प्लिफायरचं ग्राउंड रेग्युलेटरच्या आउटपुटच्या कपॅसिटरपासून घ्या. अधिक बाजूलाही हाच क्रम. एका यंत्राच्या घुरघुरीपायी मी दोन दिवस पार्ट बदलत बसले होते आणि शेवटी चार इंचांची एक तार उचलून दुसऱ्या पायावर डाख दिला, त्यासरशी ते शांत झालं. तेव्हापासून नकाशा काढताना मी ग्राउंडच्या रेघा जशा तारा जाणार तशाच काढते.

आणि घुर्र नेहमीपेक्षा खालच्या सुरात, खर्जात वाटत असेल तर ब्रिजचा एक डायोड ओपन आहे का बघा. तेव्हा १०० ऐवजी ५० हर्ट्झ ऐकू येतात.

प्रश्न : एलएम३१७ वापरून कमी-जास्त होणारा सप्लाय बांधला. २२० ओहम आणि ५ किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त होणारा रजिस्टन्स. पहिले काही महिने उत्तम चालला. परवा पॉट थोडा फिरवला आणि ५ व्होल्टवर चाललेला बोर्ड एकदम जळाला. असं का व्हावं? शिवाय काहीच न जोडता व्होल्टेज हळूहळू वर सरकतं, ते का?

उत्तर : तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण हे माझ्या हातूनही झालं आहे. दुसऱ्याचं यंत्र होतं, दुरुस्त झालेलं, शेवटची तपासणी चालू होती. माझ्याच सप्लायचा पॉट मी पाव फेरा फिरवला आणि बोर्डवरच्या पाच आयसींपैकी चार गेले.

एलएम३१७ बॉब डॉबकिन यांनी १९७६ मध्ये नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये असताना तयार केला आणि त्यातली कल्पना इतकी साधी आहे की ती समजली की पुढचं सगळं उलगडतं. हा आयसी फक्त एक गोष्ट करतो : आउटपुट आणि ॲडजस्ट या दोन पायांत १.२५ व्होल्ट राखतो. त्यांच्यामध्ये २२० ओहम आहे, त्यातून ५.७ मिलिॲम्पिअर जातात, तेच पुढे पॉटमधून ग्राउंडला उतरतात आणि पॉटवर व्होल्टेज उभं करतात. पॉटची सरकती पट्टी कार्बनवरून क्षणभर सुटली की ॲडजस्ट पायाची ग्राउंडशी वाट तुटते. आयसीला वाटतं आउटपुट कमी पडतंय, तो सगळं दार उघडतो. आत जेवढे व्होल्ट आहेत जवळजवळ तेवढे बाहेर.

पॉटचा मधला पाय एका टोकाच्या पायाला तारेने जोडा. मग पट्टी सुटली तरी वाट पूर्ण तुटत नाही, पॉटचा सगळा रजिस्टन्स मध्ये येतो. पण ५ किलोओहमला तेही २९ व्होल्टच्या पुढे जातं. तुमचं काम १२ व्होल्टपर्यंतचं असेल तर पॉट २.२ किलोओहमचा घ्या, कमाल पावणेचौदा. ५ व्होल्टचे बोर्डच तपासायचे असतील तर मी पॉट वापरतच नाही. ६८० ओहमचा पक्का रजिस्टन्स लावते, ५.१ व्होल्ट मिळतात. आणि काहीही केलं तरी १.२५ च्या खाली हा सप्लाय जात नाही, शून्याची अपेक्षा धरू नका.

लोड नसताना वर सरकतं त्याचं कारण वेगळं. या आयसीला स्वतःला सांभाळायला बाहेर थोडा करंट वाहता लागतो, सहसा ३.५ मिलिॲम्पिअर, पण काही नगांना १० पर्यंत. तुमचा २२० ओहम ५.७ च देतो. तो बदलून १२० करा, म्हणजे १० च्या वर जातील. मात्र पॉटचं आणि त्या ६८० चंही गणित पुन्हा करा, २.२ किलोओहमला मग २४ व्होल्ट होतात, १ किलोओहमला पावणेबाराच्या आसपास.

हा १२० ओहम आयसीच्या आउटपुट पायावरच सोल्डर करा, पुढच्या टर्मिनलवर नको. तारेत पडणारं व्होल्टेज त्या १.२५ मध्ये मिसळलं की तेही कित्येक पट होऊन बाहेर दिसतं. पॉटचं खालचं टोक मात्र उलट, लोडच्या ग्राउंडपाशी न्या. आउटपुटवर मोठा कपॅसिटर असेल तर एक १एन४००७ आउटपुटकडून इनपुटकडे लावा, पट्टा इनपुटच्या बाजूला. सप्लाय बंद केल्यावर बाहेरचा कपॅसिटर आयसीच्या पोटातून उलटा रिकामा होत नाही.

जळालेल्या बोर्डवर लगेच पुन्हा वीज देऊ नका. आधी रेग्युलेटर बदलून, ४७ ओहम ५ वॉटचा रजिस्टन्स एकटाच जोडून, पॉट या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा आणि मीटरकडे बघत राहा. एकदम जास्तीच्या टोकाला नेऊन सोडू नका, ५ वॉटच्या रजिस्टन्सला १५ व्होल्टच्या वर फार वेळ सोसत नाही. आकडा कुठे दचकला तर तो पॉट काढा.